सभागृह ते कलादालन : सर कावसजी जहांगीर हॉलची वाटचाल

दक्षिण मुंबईत, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासमोरील चौकात, वळणदार दर्शनी भागाची एक भारदस्त दगडी वास्तू उभी आहे. सर कावसजी जहांगीर यांच्या दातृत्वातून साकारलेले हे सार्वजनिक सभागृह. त्याच्या उभारणीचे वर्ष म्हणून १९११ ची नोंद आढळते. गेटवे ऑफ इंडिया आणि समोरचे वस्तुसंग्रहालय यांचे शिल्पकार जॉर्ज विटेट यांनीच त्याचा आराखडा केला. शेजारच्या विज्ञान संस्थेच्या वास्तुसमूहाचे ते एक अंग होय. या समूहासाठी सर जेकब ससून, सर करीमभाई इब्राहिम व शेठ वसनजी त्रिकमजी मूळजी यांनीही धन दिले. निरनिराळ्या समाजांतील दात्यांचे धन एका सार्वजनिक कार्यात एकवटले, ही त्या काळाची थोरवी.

अनेक दशके या सभागृहात संगीताच्या मैफली आणि सार्वजनिक सभा गाजल्या. पुढे शहरात अधिक सोयीची नाट्यगृहे व सभागृहे झाली आणि हॉलचे वैभव ओसरले. मुष्टियुद्धाचे सामने, लग्नाचे स्वागतसमारंभ, कपड्यांचे व चामड्याच्या वस्तूंचे सेल यांसाठी तो भाड्याने जाऊ लागला. वास्तू उभी होती. तिचे प्रयोजन मात्र हरपले होते.

अशा वेळी मुंबईतील कलावंत पुढे सरसावले. शिल्पकार पिलू पोचखानवाला यांनी येथे कलादालन व्हावे म्हणून चिकाटीने प्रयत्न केले. १९८६ मध्ये त्या निवर्तल्या. स्वप्नपूर्ती पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९९६ मध्ये येथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले. बाह्यरूप जतन करून आत अनेक स्तरांची दालने रचण्यात आली. कलेला घर मिळाले. सभेचे एकसंध प्रशस्त दालन मात्र लोपले.

फेब्रुवारी २०१९ मध्ये चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी अमोल पालेकर यांनी स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती बरखास्त झाल्याबद्दल प्रश्न उपस्थित केला. त्यांचे भाषण वारंवार अडविले गेले आणि देशभर चर्चा झाली. ज्या वास्तूत एकेकाळी सभा गाजत, तेथेच हे घडावे, हे विचार करायला लावणारे आहे.

जुन्या वास्तूला नवे प्रयोजन देणे हे पुण्यकर्मच. परंतु दात्याचे धन आणि कारागिराचे कौशल्य यांनी केवळ भिंती टिकतात. ज्यांच्यासाठी वास्तू उभारली, त्यांचा तिच्या कारभारात आवाज राहिला, तरच ती खऱ्या अर्थाने सार्वजनिक राहते. समाजाच्या वास्तू सांभाळणाऱ्या प्रत्येक विश्वस्ताने हे ध्यानी ठेवावे.