आठशे मीटरांची धास्ती

दर आषाढात ज्ञानेश्वरमाउलींची पालखी आमच्या सोलापूर जिल्ह्यात शिरली, की माळशिरस तालुक्यात रिंगणे लागतात. अश्व धावतात, पताकेकरी धावतात आणि डोईवर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायाही धावतात. आळंदीपासून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट त्या पायीच तुडवीत असतात. ‘ह्या बायांना एवढे सोसेल काय?’ असे कोणी विचारल्याचे निदान माझ्या तरी कानी नाही. देवाच्या नावाने धावलेले चालते. शर्यत म्हटली, की मात्र सर्वांना स्त्रीच्या नाजूक प्रकृतीची आठवण होते!

ही आठवण आपल्याकडेच होत असे, असे मात्र समजू नये. आधुनिक ऑलिंपिकचे जनक कूबेर्तँ यांना स्त्रियांनी त्या मैदानात उतरणेच मुळी मान्य नव्हते. १९२८ साली ॲमस्टरडॅमला स्त्रियांची आठशे मीटरांची शर्यत प्रथमच झाली. जर्मनीच्या लीना राडके हिने ती २ मिनिटे १६.८ सेकंदांत जिंकून जागतिक विक्रम केला. दुसरी आली जपानची किनुए हितोमी. अंतिम फेरीत नऊजणी धावल्या आणि नऊहीजणींनी शर्यत पुरी केली. वर्तमानपत्रांनी रंगविले ते निराळेच: बायका धडाधड कोसळल्या, कित्येकींनी शर्यत अर्ध्यावर सोडली! शर्यत संपल्यावर पुरुषही गवतावर अंग टाकतात, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. की ध्यानी घ्यावयाचेच नव्हते? ही शर्यत जी बंद झाली, ती १९६० च्या रोमपर्यंत. बत्तीस वर्षे!

मधल्या काळात, १९५२ साली, मुंबईची मेरी डिसूझा हेलसिंकीस गेली. ती आणि नीलिमा घोष ह्या ऑलिंपिकमध्ये धावलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया. मेरी शंभर व दोनशे मीटर धावली. त्याहून लांब धावावे असे तिच्या मनात आले असते, तरी तिथे तशी शर्यतच नव्हती.

आमच्या लहानपणी शाळेच्या संमेलनात मुलग्यांना गावाबाहेरपर्यंतची दौड असे आणि आम्हां मुलींना लिंबू-चमचा. आमच्या आत्याबाई तर शपथेवर सांगत, की पोरीची जात फार धावली, तर पोटातली पिशवी सरकते. मग मूलबाळ कुठले? मला ते निव्वळ अडाणीपण वाटे. पुढे वाचनात आले, की साहेबाच्या देशातले पदवीधर डॉक्टरही बरीच वर्षे हेच सांगत होते. आत्याबाईंनी बिचाऱ्यांनी निदान फी तरी घेतली नाही!

१९६६ साली बॉबी गिब ही बोस्टनची मॅरेथॉन क्रमांकावाचूनच धावली. पुढल्या वर्षी कॅथरीन स्वित्झर हिने नुसती आद्याक्षरे घालून नाव नोंदविले. वाटेत जॉक सेंपल नावाचे शर्यतीचे एक चालक मागून धावत आले आणि तिच्या अंगावरचा २६१ हा क्रमांक ओढू लागले. तिच्या मित्राने त्यांना बाजूस लोटले. ती शर्यत पुरी करूनच थांबली. बोस्टनने स्त्रियांना रीतसर दार उघडले ते १९७२ साली, आणि ऑलिंपिकने मॅरेथॉन दिली १९८४ साली. गंमत अशी, की हेच सेंपल पुढे स्वित्झरचे स्नेही झाले.

आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत दहा हजार मीटरांचे कांस्यपदक मिळविले. आमच्या माळशिरसच्या शेजारी साताऱ्याचा माण तालुका, दुष्काळाने पोळलेला मुलूख. तिथल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओला तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरीत गेली व दहावी आली. पुरुषांना ही शर्यत १९२० पासून होती. स्त्रियांना मिळाली २००८ साली.

माझी नात हल्ली पहाटे पाचला उठून कंबर तलावाकडे धावावयास जाते. घरात त्यावरून वाद होतो, नाही असे नाही. पण तो तिच्या प्रकृतीवरून नव्हे, तर अंधारात एकटीने जावे की न जावे, ह्यावरून. तूर्त तिचा बाप सायकल घेऊन मागून जातो.