हद्दीची झुंज : रोहा-पेणच्या रानातले वाघ आणि बिबटे

वाघाची वाघाशी किंवा बिबट्याची बिबट्याशी झुंज होते ती मुख्यतः हद्दीवरून. मादी आणि मारलेले जनावर ही आणखी दोन कारणे, पण तीही बहुतेक वेळा हद्दीशीच येऊन मिळतात. सिंह कळपाने राहतो, वाघ आणि बिबट्या एकटे. प्रौढ नर आपल्यापुरते रान धरतो, त्यात दोन-तीन माद्यांची रानेही येतात, आणि दुसरा नर तिथे खपवून घेतला जात नाही. मात्र रोजचा कारभार मारामारीने चालत नाही. झाडाच्या बुंध्यावर नखांचे ओरखडे, झुडपांवर मुताचे फवारे, पायवाटेवर उकरलेली माती आणि रात्रीची डरकाळी या खुणांवरून परका नर मालक कोण हे ओळखतो आणि बाजूने निघून जातो. बिबट्याची हाक तर लाकूड करवतावे तशी खरखरीत असते, एकदा ऐकलेला माणूस ती विसरत नाही.

कोकणातल्या जुन्या गोष्टींचा अर्थ लावताना आधी एक शब्द तपासावा लागतो. रोहा, पेण, मुरूड या भागात ‘वाघ’ म्हटले की बोलणाऱ्याच्या मनात पुष्कळदा बिबट्या असतो. पट्टे असलेल्यासाठी ‘पट्टेरी’ किंवा ‘ढाण्या’ असे वेगळे विशेषण लागते, आणि ‘वाघरू’ हा शब्द तर दोघांनाही चालतो. त्यामुळे डोंगरावर रात्री दोन वाघ भांडले, सकाळी पाचोळ्यावर रक्त पडलेले होते, अशी आठवण कोणी सांगितली तर त्यातले वाघ बिबटेच असण्याचा संभव अधिक. झुंज पाहणारा सहसा कोणी नसतोच. ती कळते ती आवाजावरून आणि मागे राहिलेल्या खुणांवरून.

या खुणा वाचण्यात पिढ्यान्‌पिढ्या तरबेज होते ते कातकरी आणि ठाकर. कातकऱ्यांचे नावच खैराच्या कातावरून पडले. कात काढणे, कोळसा पाडणे, लाकूडतोड आणि शिकार यांमुळे त्यांचा दिवस रानात जाई. वाघोबाचा शेंदूर फासलेला दगड गावाच्या शिवेवर किंवा रानाच्या तोंडाशी असे, आणि आश्विन वद्य द्वादशीला, ज्या दिवशी इतरत्र वसुबारस असते, आदिवासी पाड्यांवर वाघबारस पाळली जाई. देवाची जागा शिवेवर असावी, हा योगायोग वाटत नाही. वाघालाही हद्द असते हे माणसांना ठाऊक होते, आणि दोघांच्या हद्दी जिथे भिडतात तिथेच त्याला नारळ-कोंबडा द्यायचा, असा हा व्यवहार होता.

कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याचे गॅझेटियर 1883 साली छापले गेले. त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली आणि 1886 पासून तिच्या नियतकालिकात शिकाऱ्यांची टिपणे येऊ लागली. पण वाघांच्या आपसांतल्या झुंजींचा इतिहास लिहायला ही दोन्ही दप्तरे फार उपयोगी पडत नाहीत. गोऱ्या अंमलदारांना किती वाघ मारले याची मोजदाद हवी होती, कारण वाघ मारल्याबद्दल सरकार बक्षीस देत असे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबाने 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात 80,000 हून अधिक वाघ मारले गेले. हाका, मचाण, बांधलेला बोकड आणि वाघाने मारलेला गारा यांच्याच गोष्टी टिपणांत भरलेल्या. झुंजीची साक्ष कातडे सोलताना मिळे : फाटलेला कान, पुढच्या पायावरचे जुने दातांचे वण, तुटलेला सुळा. ती साक्ष बहुधा कातड्याबरोबर भिंतीवर गेली.

झुंज लागलीच तर ती थोडा वेळ चालते. दोघे मागच्या पायांवर उभे राहून पुढच्या पंजांनी थपडा घालतात, आणि पकड सापडली की सुळे मान, खांदा आणि पुढचे पाय यांत रुततात. कमजोर पडलेला बहुतेक वेळा पळ काढतो, जागीच मरणारे थोडे. खरा घात पुढच्या आठवड्यांत होतो. जखम चिघळते, लंगडणाऱ्याला सांबर किंवा रानडुक्कर साधत नाही, आणि तो वस्तीकडे वळून कुत्री-शेळ्या उचलू लागतो. हरलेल्याचे रान जिंकणारा घेतो, आणि त्या रानातल्या माद्यांची लहान पिल्लेही बऱ्याचदा मारतो. पिल्ले गेली की मादी लवकर माजावर येते. क्रूर वाटणारा हा प्रकार नेपाळच्या चितवनमध्ये 1970च्या दशकात वाघांना रेडिओ पट्टे लावून केलेल्या अभ्यासानंतर नीट समजू लागला. त्याआधी प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी 1960च्या दशकात कान्ह्यात वाघांच्या वागण्याचा पाया घातला होता.

रोहा-पेणच्या बाबतीत मात्र झुंजीचे एक कारण मुळातूनच संपले : पट्टेरी वाघच गेला. मुंबईच्या विहार तलावाजवळ 1929 साली वाघ मारला गेल्याची नोंद आहे, म्हणजे तोवर उत्तर कोकणात तो अगदीच अनोळखी नव्हता. पुढच्या काही दशकांत लाकूड, कोळसा, बंदुका आणि घटत चाललेली सांबरे-भेकरे यांपुढे तो टिकला नाही. वाघ असेल तिथे बिबट्या दबून, कडेकडेने राहतो, सापडला तर मारलाही जातो. वाघ गेल्यावर रान बिबट्याचे झाले, आणि त्या रानातली भांडणेही बिबट्याबिबट्यांची झाली.

रोह्याच्या पश्चिमेला, मुरूडच्या बाजूस, फणसाडचे रान उरले ते जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांमुळे. ते त्यांचे राखीव शिकाररान होते. इतरांना बंदी, त्यामुळे कुऱ्हाडही कमी चालली. एका घराण्याच्या हौसेने रान वाचावे ही इतिहासातली जरा अवघडवाणी गोष्ट, पण घडले तसेच. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले, रान वनखात्याकडे आले आणि 1986 साली अभयारण्य जाहीर झाले. इथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. चिखलगाण आणि फणसाडगाण ही त्यांतली नावे, आणि त्यातल्याच एकावरून अभयारण्याचे नाव पडले. एप्रिल-मे महिन्यांत ओढे आटले की प्राणी याच थोड्या गाणींवर येतात. भेकर येते, रानडुक्कर येते, आणि त्यांच्या मागावर बिबट्या. हद्दीच्या खुणाही मग पाण्याकडे जाणाऱ्या पायवाटांवर दाटलेल्या असतात.

बिबट्यांची दाटी जंगलातच असते असे नाही. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यातल्या उसाच्या मळ्यांत केलेल्या पाहणीत दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 प्रौढ बिबटे आढळले, तेही वस्तीच्या शेजारी. इतक्या दाटीतही रोज झुंजी होत नाहीत, कारण शेजारी एकमेकांना ओळखतात. घोटाळा होतो तो माणूस मध्ये पडला की. जुन्नर भागात 2000 नंतरच्या काही वर्षांत बिबटे पिंजऱ्यात धरून दूरच्या रानात सोडले गेले आणि माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. सोडलेला बिबट्या परक्याच्या हद्दीत पडतो, तिथून हाकलला जातो, आणि रिकामी झालेली त्याची जुनी जागा दुसरा कोणी तरी भरतो. 2009 साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या माळशेजला सोडल्यावर सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. वाटेत त्याने डोंगर, रस्ते आणि रूळ ओलांडले. पेण-रोह्याचे बिबटेही आज याच अडचणीत आहेत : मुंबई-गोवा महामार्ग पेणवरून जातो, पनवेलहून आलेल्या लोहमार्गाला रोह्यापासून कोकण रेल्वे जोडलेली आहे, आणि रानाचे तुकडे त्यांच्या दोन बाजूंना विभागले गेले आहेत.

पट्टेरी वाघांची झुंज महाराष्ट्रात आता पाहायची तर विदर्भात. ताडोबाच्या बफर क्षेत्रातला ‘छोटा मटका’ हे अलीकडचे ठळक उदाहरण. नोव्हेंबर 2023 मध्ये चिमूर भागात त्याच्याशी झालेल्या झुंजीत ‘बजरंग’ हा मोठा नर मेला. मे 2025 मध्ये ‘ब्रह्मा’शी झालेल्या झुंजीत ब्रह्मा मेला, पण छोटा मटकाचाही पुढचा पाय जायबंदी झाला, आणि पुढे त्याला पकडून नागपूरच्या गोरेवाड्याला नेण्यात आले. वाघांची संख्या वाढली आणि रान तेवढेच राहिले, की तरुण नरांना जुन्यांच्या हद्दीत घुसण्यावाचून मार्ग उरत नाही.

वाघ मेलेला सापडला की तो झुंजीत मेला की शिकाऱ्याने मारला हे आता ठरवावे लागते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या ठरलेल्या पद्धतीने शवविच्छेदन होते. नखे, सुळे, मिशा जागेवर आहेत का, सुळ्यांच्या जखमा मानेवर-पायांवर आहेत का, आसपास झटापटीच्या खुणा आणि दुसऱ्या नराचे ठसे आहेत का, हे पाहिले जाते. सगळे अवयव शाबूत असतील आणि जखमा दातानखांच्या असतील तर मृत्यू नैसर्गिक म्हणून नोंदला जातो. मग पंचांसमक्ष ते धूड लाकडांवर ठेवून कातड्यासकट, नखांसकट जाळतात, राख होईपर्यंत.