घराला जडलेल्या वस्तू

घर नव्याने लावायचे ठरले की पहिला वाद भिंतींच्या रंगावरून होतो. खरा वाद न्हाणीघराचा असतो. दादरमधील आमच्या जुन्या इमारतीतल्या घराची डागडुजी काढली तेव्हा नळ, भांडी आणि फरश्या यांच्यासाठी आम्ही दुकाने पालथी घातली. सगळीकडे एकच पालुपद ऐकू आले : 'हल्ली हेच चालते.' हे 'हल्ली' ठरते कसे, याचा विचार करता करता आम्ही आमच्याच घराच्या इतिहासापाशी येऊन पोचलो.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने शहराच्या उत्तरेला दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. तेथे पुढे उभ्या राहिलेल्या इमारतींनी मध्यमवर्गाला 'ब्लॉक' दिला : स्वतंत्र दार, स्वतंत्र स्वयंपाकघर आणि घरातच शौचकूप. आज यात नवल वाटत नाही. सोवळेओवळे पाळणाऱ्या कुटुंबांना मात्र देवघर आणि शौचकूप एकाच उंबऱ्याच्या आत येणे, हा मोठाच पेच होता. भुयारी गटारे आणि साखळी ओढताच पाणी सोडणारी टाकी यांनी तो सोडवला.

अर्थात 'सोडवला' हे अर्धसत्यच. अशा कित्येक इमारतींना मागच्या बाजूने एक अरुंद जिना असे. सफाई कामगाराने त्याच वाटेने यावे, घरातून जाऊ नये, एवढ्यासाठी तो बांधलेला. भांडे आधुनिक झाले. जिना मात्र जुन्याच समजुतींचा राहिला.

आवडीनिवडी घडवण्याचे कामही याच काळात पद्धतशीरपणे सुरू झाले. १९३७ मध्ये वास्तुविशारदांच्या संस्थेने, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने, टाऊन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरवले. घर कसे असावे हे परंपरेला नव्हे, तर तज्ज्ञाला विचारावे, हा त्याचा खरा संदेश. त्याआधी, १९२२ पासून, भारत टाइल्सने विलायती फरशीला देशी पर्याय उभा केला होता. म्हणजे पायाखालच्या नक्षीत फॅशन होती, तसेच स्वदेशीचे राजकारणही होते.

आम्ही शेवटी जुनी फरशी ठेवली आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांकडे पाहून कमोड बसवला. दोन्ही निर्णयांचे समाधान आहे. मागचा जिना मात्र मनातून जात नाही. आमच्याकडे तो आता कुलूपबंद आहे. पण शहरातील अनेक नव्या मनोऱ्यांत घरकामाला येणाऱ्या बायकांनी कोणत्या लिफ्टने जावे, याच्या पाट्या लागलेल्या दिसतात. नळ दर दहा वर्षांनी बदलणारे आपण, ही वाट बदलण्याचे कधी मनावर घेणार?