जलनीली

बीड जिल्ह्यात नेकनूरसारख्या पाण्याच्या ओढीच्या गावी शेततळे म्हणजे जिवाचा ठेवा. त्यात शेवाळ माजले की पहिला फटका ठिबकला. ड्रिपर बुजतात, फिल्टर सारखा उघडून धुवावा लागतो, आणि कुणीतरी मोरचूद टाकायला सांगतो. निळ्या खड्यांची पुरचुंडी पाण्यात सोडली की शेवाळ मरते. मात्रा चुकली तर मासेही.

मारणारे मोरचूद आणि मरणारे शेवाळ यांचे जुने नाते मात्र अमरकोशात सापडते. वारिवर्गात शैवाल आणि शैवल यांच्या शेजारी तिसरे नाव आहे: जलनीली. वनौषधिवर्गात ‘नीली’ म्हणजे नुसती निळी वस्तू नव्हे. ते निळीच्या झुडपाचे नाव आहे, आणि त्याच झुडपाच्या पर्यायांत ‘तुत्था’ही येते. मोरचूद म्हणजे संस्कृतातले मयूरतुत्थ, मोराच्या गळ्याच्या रंगाचे. ‘तुत्थ’चा ‘चूद’ होण्याची उडी जरा वेडीवाकडी आहे खरी, पण वस्तू तीच आणि मोरही तोच. शेवाळ आणि त्याचे विष, दोघेही रंगाऱ्याच्या एकाच पिंपातून बाहेर पडलेले!

व्युत्पत्तीचे जाणकार इथे हरकत घेतील. संस्कृतात ‘नील’ फार ऐसपैस शब्द आहे. काळपट हिरवा, सावळा, गडद निळा असे सगळे त्यात मावते. मग जलनीली म्हणजे फक्त ‘पाण्यावरची काळोखी’. हरकत वजनदार आहे. पण डबक्यावरची हिरवी साय उन्हाने मरू लागली की काठाच्या पाण्यात खरोखरची निळाई उतरते. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पेशी फुटतात आणि आतले फायकोसायनिन हे निळे रंगद्रव्य पाण्यात विरघळते. नीळ भिजत घालणाऱ्या देशात ही निळाई कुणाच्याच नजरेस पडली नसेल, हे मानणे जड जाते. नाव ठेवणाऱ्याने ती पाहिली असावी.

ग्रीकांकडेही असाच घोळ आहे. ‘फायकोसायनिन’मधला ‘फ्यूकोस’ म्हणजे समुद्रशेवाळ, आणि गालाला लावायचा रंगही. हा शब्द हिब्रूतल्या ‘पूक’ या शृंगाराच्या रंगाच्या नात्यातला, म्हणजे सेमिटिक भाषांकडून आलेला मानतात. शेवाळाला रंगाचे नाव देण्याची खोड एकट्या संस्कृतची नव्हती.

शेवाळ पोटात जाण्याचा इतिहास थोडक्यात उरकतो. अ‍ॅझ्टेक लोक तळ्यावरचे शेवाळ वाळवून खात. त्याला ते ‘तेकुइत्लात्ल’, म्हणजे दगडाची विष्ठा, म्हणत. चाड सरोवराकाठी ‘दिहे’ नावाच्या वड्या आजही खातात. हेच स्पिरुलिना, वाळल्यावर त्यात निम्म्याहून अधिक प्रथिने.

आपल्याकडे हे शेवाळ बुलढाण्यातल्या लोणारला आपसूक वाढते. उल्केच्या आघाताने बेसाल्टात पडलेल्या त्या विवरातले पाणी सोड्याने इतके खारट आणि अल्कधर्मी की बाकीचे बरेचसे जीव तिथे टिकाव धरत नाहीत. सरोवराचा हिरवा रंग बराचसा या शेवाळाचाच. (2020 च्या जूनमध्ये ते गुलाबी झाले, पण ती करामत खारप्रेमी सूक्ष्मजीवांची.) लोणारचा खार पूर्वी काढून विकत, डल्ला, खुप्पल, पापडी अशी त्याची प्रतवारी होती. आज टाकीत स्पिरुलिना वाढवणारा पाण्यात खाण्याचा सोडा मिसळतो. म्हणजे घरबसल्या एक लहानसे लोणारच तयार करतो.

शेतीची वाट वेगळी. 1939 मध्ये पी. के. डे यांनी भातखाचरातले निळे-हिरवे शेवाळ हवेतला नत्र बांधते असे दाखवले, पुढे जी. एस. वेंकटरामन यांनी दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत त्याचे खत शेतकऱ्याला उथळ खड्ड्यात बनवता येईल इतके सोपे केले. आणि रंगाची वाट पुन्हा निराळी: 2013 मध्ये अमेरिकेने स्पिरुलिनाचा निळा अर्क गोळ्या-च्युइंगमसाठी मंजूर केला. जलनीली अखेर रंग म्हणूनच विकली गेली.

मराठवाड्यात भातखाचरे थोडीच. इथे हा जीव अझोला या पाणवनस्पतीच्या पानांतून गोठ्यात येतो: पानातल्या पोकळीत अ‍ॅनाबिना नावाचे निळे-हिरवे शेवाळ राहते, नत्र बांधते, आणि प्लॅस्टिक अंथरलेल्या खड्ड्यातला तो हिरवा थर म्हशीच्या आंबोणात मिसळला जातो. खड्ड्यातले शेवाळ जपायचे, तळ्यातले मारायचे. मोरचुदाची पुडी गोठ्याच्या वळचणीला खोचलेली असते.