काळी माती आणि जीपचे आखूड दांडे

निलंग्याच्या शिवारातली काळी माती दिसायला गरीब. पण पावसाळ्यात ती ज्याची वाट अडवते त्यालाच तिचा खरा स्वभाव कळतो. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाणी पिऊन ती फुगली की पायातला जोडाही सोडत नाही. तुरीला नि ज्वारीला जी माय, तीच चाकाला वैरीण. आमच्या वाडवडिलांनी तिच्याशी भांडण मांडले नाही. बैलगाडीचे चाक उंच केले, त्यावर लोखंडी धाव चढवली, आणि गाडी रुतलीच तर शेजाऱ्याची जोडी पुढे जुंपली. ‘चाकोरी’ हा शब्द आपण आता निबंधात आणि भाषणातच वापरतो. पण मुळात ती या गाड्यांनी पाडलेली खोल वाट. एकदा चाक तीत उतरले की गाडीवानाच्या इच्छेला फारशी किंमत उरत नसे.

कोरड्या वाटेला दोन बैल, चिखलाला चार, हा हिशेब गाडीवानाला शिकवावा लागला नाही. मोटारीला मात्र तो उमगायला वेळ लागला. चारही चाकांना जोर देणारी स्पायकर मोटार हॉलंडात १९०३ साली तयार झाली होती. पण ही युक्ती जगभर पोचवली ती दुसऱ्या महायुद्धातल्या जीपने. १९४१ पासून अमेरिकेच्या विलीज आणि फोर्ड कारखान्यांतून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपा बाहेर पडल्या.

तिच्या चालकाच्या उजव्या हाताशी नेहमीच्या गिअरच्या दांड्याखेरीज आणखी दोन आखूड दांडे असत. एकाने पुढच्या चाकांना जोर मिळे. दुसऱ्याने गाडी ‘लो’मध्ये जाई, म्हणजे वेग जवळजवळ निम्मा आणि ओढ जवळजवळ दुप्पट. गंमत अशी की, पुढची चाके जोडल्याशिवाय ‘लो’चा दांडा पडतच नसे. सगळा भार मागच्या आसावर येऊन तो मोडू नये, म्हणून ही सोय. उलट, कोरड्या पक्क्या सडकेवर पुढची चाके जोडलेली ठेवणे वाईट. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांब फेरा घ्यावा लागतो. चिखलात ती थोडी घसरून हिशेब जुळवून घेतात, डांबरावर त्यांना घसरता येत नाही, आणि त्याचा पीळ यंत्राला बसतो. म्हणजे कोणता दांडा केव्हा ओढायचा एवढेच पुरत नसे. तो केव्हा परत ढकलायचा हेही ठाऊक असावे लागे.

ही गाडी आपल्याकडे आणली महिंद्र बंधूंनी. १९४५ साली गुलाम महंमद यांच्यासह त्यांनी ‘महिंद्र अँड महंमद’ ही कंपनी काढली आणि १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. फाळणीनंतर महंमदसाहेब पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले.

त्याच साली १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गावर आले आणि १७ तारखेला निजामाचे राज्य संपले. निलंगा तेव्हा बीदर जिल्ह्यात होते. लातूर जिल्हा १९८२ सालचा. आपण जीप प्रथम पाहिली ती त्या सप्टेंबरात, असे आमच्याकडचे वडीलधारे सांगत. मग ती साहेबांची गाडी झाली, निवडणुकीची झाली, आणि शेवटी पंधरावीस माणसे कोंबून नेणारी वडापची झाली. वडापच्या जीपेला बहुधा मागच्याच चाकांचा जोर असे. रुतली की उतारूंनी उतरून ढकलायची. तिचे पुढचे बैल म्हणजे आम्हीच.

त्या दांड्यांचा खरा उपयोग मी पाहिला तो ३० सप्टेंबर १९९३ नंतर. गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे, चारच्या सुमाराला किल्लारीची भूमी हादरली आणि औसा, उमरगा, निलंगा या तालुक्यांची दैना झाली. माणसे हजारोंनी गेली. वर पाऊस. जखमींना नेणाऱ्या एका जुन्या जीपेत मी मदतीला बसलो होतो. मागे कंबर मोडलेली एक म्हातारी. रस्ता खडबडीत होता. पण रुतण्याजोगा मुळीच नव्हता. तरी ड्रायव्हरने गाडी ‘लो’मध्ये टाकली. मी घाई केली तेव्हा तो एवढेच बोलला, “गुरुजी, खड्ड्यात क्लच दाबला तर हिसका आजीला बसतो.” इंजिनाच्याच आवरावर तो ती खड्ड्यात उतरवी आणि पायी चालण्याच्या वेगाने बाहेर काढी. सबंध वाटेत म्हातारी दोनदाच कण्हली.

आता दांड्यांच्या जागी गोल खटका आला आहे. लँड रोव्हरने २००४ साली डिस्कव्हरी गाडीत तो बसवला. २०२२ सालच्या आपल्या स्कॉर्पिओ-एनच्या चारचाकी जोराच्या प्रकारातही तशी सोय आहे: साधा रस्ता, गवत-खडी-बर्फ, चिखल, वाळू. निसरड्यावर ती इंजिनाचा जोर हळूहळू सोडते. वाळूत चाक थोडे फिरू देते, कारण तिथे गती तुटली की संपलेच. एक चाक नुसतेच गरगरू लागले तर त्याचाच ब्रेक दाबून जोर दुसऱ्याकडे वळवते. ड्रायव्हरची अर्धी विद्या यंत्राने घेतली, याचा मला विषाद नाही. मात्र काळी माती टायरच्या नक्षीत भरून चाक गुळगुळीत केले की कोणत्याही खटक्याला पकड आणता येत नाही. ते टायरचे काम.

गेल्या श्रावणात पुतण्या अशीच नवी गाडी घेऊन शेताकडे निघाला. बांधाशी थांबून त्याने खटका चिखलावर आणला आणि विचारले, “काका, घालू का?” मी उतरून टाच रोवली; ती घोट्यापर्यंत गेली. तेवढ्यात शेजारच्या रानातले आजोबा जवळ आले. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, “गाडी झ्याक हाय पोरा, पर वापसा न्हाई. दोन दिस ऊन पडू दे.” पुतण्याने गाडी वळवून बाभळीखाली लावली. आम्ही चपला हातात घेतल्या आणि पायीच शेतावर गेलो.