काचेच्या टाइल्सचे सांधे भरताना काय वेगळे करावे लागते?

ओट्यामागच्या भिंतीवर काचेच्या टाइल्स लावल्या की स्वयंपाकघर उजळते. पण फोडणीचे तेल, हळद आणि वाफ यांचा सर्वाधिक मारा याच भिंतीवर होतो. काचेवरचा डाग पुसला जातो, सांध्यातला मात्र टिकतो. हे सांधे ज्या मिश्रणाने भरतात त्याला ग्राउट म्हणतात. सिरॅमिक टाइल्सना चालणारी पद्धत काचेला जशीच्या तशी वापरली, तर ओरखडे आणि तडे पडू शकतात. ओरखडा उठलेली टाइल बहुतेकदा फोडूनच काढावी लागते.

काच वेगळी का?

सिरॅमिक टाइल थोडे पाणी शोषते, काच शोषत नाही. त्यामुळे टाइलमागचे अ‍ॅडेसिव्ह आणि सांध्यातले ग्राउट दोन्ही सावकाश सुकतात. काच पारदर्शक असेल तर मागचे करडे अ‍ॅडेसिव्ह आरपार दिसते, म्हणून पांढरे वापरतात. शिवाय शेगडीजवळची काच तापली की किंचित प्रसरण पावते.

कोणते ग्राउट निवडावे?

• वाळूमिश्रित ग्राउट साधारण ३ मिलिमीटरपेक्षा रुंद सांध्यांसाठी असते. त्यातील कण काचेवर ओरखडे उठवू शकतात, म्हणून ते टाळावे.

• वाळूविरहित सिमेंट ग्राउट ३ मिलिमीटरपर्यंतच्या सांध्यांना योग्य. ते स्वस्त आणि हाताळायला सोपे असते; मात्र सच्छिद्र असल्याने सुकल्यावर वरून सीलर लावावा लागतो.

• इपॉक्सी ग्राउट रेझिन आणि हार्डनर एकत्र करून बनते. ते तेल-हळदीचे डाग सहसा धरत नाही. मात्र ते महाग असते आणि लवकर घट्ट होते, त्यामुळे काचेवर सांडलेले लगेच पुसावे लागते.

नुसते व्हाइट सिमेंट भरण्याची पद्धत अजूनही दिसते. ते सुकताना आकसते, त्यात बारीक तडे जातात आणि हळदीने ते पिवळे पडते.

सिमेंट ग्राउट कसे भरावे?

१. अ‍ॅडेसिव्ह पूर्ण सुकू द्यावे. पाकिटावरची वेळ पाळावी. काचेसाठी ४८ तास थांबणे अधिक सुरक्षित.

२. स्पेसर काढावेत. सांध्यात वर आलेले अ‍ॅडेसिव्ह प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडावे. ओट्यावर प्लास्टिक अंथरून कडेला मास्किंग टेप लावावी.

३. पावडर पाण्यात श्रीखंडाइतकी घट्ट कालवावी. ५ ते १० मिनिटे मुरू देऊन पुन्हा ढवळावी, पण वरून पाणी घालू नये. जास्त पाण्याने ग्राउट कमजोर होते आणि रंग एकसारखा येत नाही.

४. रबरी फ्लोटने मिश्रण सांध्यांमध्ये दाबून भरावे. फ्लोट सांध्याला तिरका फिरवावा. सरळ फिरवल्यास भरलेले ग्राउट बाहेर निघते. एका वेळी थोडाच भाग घ्यावा.

५. ग्राउट जरा घट्ट झाले की, साधारण १५ ते ३० मिनिटांनी, नीट पिळलेल्या स्पंजने पुसावे. पाणी वरचेवर बदलावे.

६. काचेवर राहिलेली पांढुरकी झाक नंतर कोरड्या मऊ कापडाने जाते. त्यासाठी अ‍ॅसिड वापरू नये. त्याने सिमेंट ग्राउट झिजते.

सिलिकॉन कुठे लागते?

ओटा आणि टाइल जिथे भेटतात ती रेघ आणि भिंतींचे कोपरे ग्राउटने भरू नयेत. दोन पृष्ठभाग उष्णतेने वेगवेगळे हलतात आणि कडक ग्राउट तिथे तडकते. मग फटीतून पाणी आत मुरते. तिथे ग्राउटच्याच रंगाचे, बुरशीरोधक सिलिकॉन सीलंट भरावे. ते लवचीक असते आणि ही हालचाल सोसते.

मिस्त्रीशी आधी काय ठरवावे?

ग्राउटचा प्रकार आणि सिलिकॉनच्या जागा काम सुरू होण्यापूर्वीच ठरवून घ्याव्यात. एखाद-दुसरी जादा टाइल घेऊन तिच्यावर निवडलेले ग्राउट घासून, सुकवून, पुसून पाहावे. ओरखडा दिसला, तर ग्राउट बदलण्याची संधी अजून हातात असते. भिंत भरून झाल्यावर ती उरत नाही.