हॅम्बर्गचा जंतू आणि मोड आलेली मेथी

मे २०११मध्ये हॅम्बर्ग आणि आसपासच्या रुग्णालयांत रक्ताचे जुलाब होणारे रुग्ण एकामागून एक येऊ लागले. अनेकांची मूत्रपिंडं निकामी होत होती. एरवी हा आजार लहान मुलांना गाठतो. इथे बहुतेक रुग्ण प्रौढ होते, त्यांतही बायका जास्त. प्रयोगशाळांनी जंतूचं नाव लवकर सांगितलं: ई. कोलाय. पण ई. कोलाय धडधाकट माणसाच्या आतड्यातही सुखाने नांदतो. मग हा कोणता?

जंतू ओळखण्याची रीत तोवर सव्वाशे वर्षांची झाली होती. रॉबर्ट कॉखच्या काळात जंतू जिलेटिनवर वाढवत. ते उबेत वितळे, म्हणून फॅनी हेस्से यांनी आपल्या स्वयंपाकघरातला अगर नावाचा, जेलीसारखा गोठणारा पदार्थ सुचवला. १८८४मध्ये ग्रॅमची रंगपद्धत आली, १८८७मध्ये पेट्रीची झाकणाची थाळी. नमुना थाळीवर पसरायचा, उबवायचा, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा: हे काम आजही जगभर चालतं आणि ते कमी लेखू नये. मात्र त्यातून जंतूचं कुळ कळतं. त्या कुळातला नेमका कोण, हे क्वचितच.

ही उणीव जीनोमच्या नकाशाने भरून निघू लागली. १९९३मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात डेव्हिड श्वार्ट्झ यांच्या गटाने यीस्टच्या गुणसूत्रांतला डीएनए वितळलेल्या अगरोजच्या प्रवाहात ताणून धरला (अगरोजही अगरमधूनच काढतात) आणि त्यावर ठरावीक जागी कापणारं विकर सोडलं. कापलेल्या जागी सूक्ष्मदर्शकाखाली फट दिसते. तुकड्यांची लांबी आणि क्रम मोजला, की मालावरच्या बारकोडसारखा पट्टा तयार होतो. १९९९मध्ये एका अख्ख्या जिवाणूचा असा नकाशा प्रसिद्ध झाला. दोन जिवाणूंचे पट्टे शेजारी ठेवले, की कुठे काय घुसलं आणि कुठे काय गळलं हे दिसू लागलं.

२०११पर्यंत डीएनएचं अक्षर न् अक्षर वाचणारी यंत्रंही वेगवान झाली होती. हॅम्बर्गच्या एप्पेनडॉर्फ विद्यापीठ रुग्णालयातल्या जंतूचा जीनोम शेन्झेनच्या बीजीआय संस्थेने वाचला आणि २ जूनला सर्वांसाठी खुला केला. म्युन्स्टरच्या प्रयोगशाळेने आपल्या संग्रहातला २००१चा तशाच प्रकारचा जंतू तुलनेसाठी बाहेर काढला. हॅम्बर्गचा जंतू आतड्याला घट्ट चिकटणाऱ्या प्रकारातला निघाला, आणि एका विषाणूमार्फत त्याने शिगा विषाचं जनुकही मिळवलं होतं. दोन्ही गुण एकत्र आल्यावर काय होतं, ते जर्मनी भोगत होती. ५०हून अधिक माणसं गेली.

जंतू कुठून आला, हे मात्र जीनोमला सांगता आलं नाही. हॅम्बर्गच्या अधिकाऱ्यांनी २६ मे रोजी स्पेनच्या काकड्यांकडे बोट दाखवलं. त्यांच्यावरचा जंतू वेगळाच निघाला, पण तोवर स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल पडून राहिला होता. खरा माग लागला तो एकत्र जेवलेल्या लोकांना काय मागवलं ते विचारून आणि आचाऱ्यांकडून पदार्थातले जिन्नस समजून घेऊन. मोड आलेली कडधान्यं आणि बिया खाल्लेलेच आजारी पडले होते. १० जूनला हे जाहीर झालं.

त्याच महिन्यात फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या बेग्ल गावात तोच जंतू उगवला. लहान मुलांच्या एका केंद्रातल्या कार्यक्रमात लोकांनी मोड खाल्ले होते. दोन्हीकडचा समान धागा ठरला इजिप्तहून आलेले मेथीदाणे. युरोपीय संघाने आयात रोखली, संशयित साठे नष्ट करायला लावले. तपासलेल्या दाण्यांवर मात्र तो जंतू सापडला नाही. पुढच्या वर्षी दोन्ही देशांतल्या नमुन्यांचे जीनोम ताडून पाहिले, तेव्हा जर्मनीतले जवळजवळ तंतोतंत जुळले, फ्रान्समधल्यांत आपसात जास्त फरक दिसला. जर्मनीतली साथ त्या जंतूंच्या एखाद्या लहानशा गटापासूनच पसरली असावी, हा संशोधकांनी मांडलेल्या तर्कांपैकी एक.